गळती

कुडचड्याच्या ऑफिसात माझं टेबल
खिडकीपासून तिसरं, सामाजिक बांधिलकीचं.
बाकीची टेबलं खनिजाची, बार्जींची, डिझेलची.
माझ्याकडे दप्तरं, शिवणयंत्रं, मोतीबिंदू
आणि पाजीरमळला रोज एक टँकर पाणी.

पाजीरमळला आधी झर होती.
आमची खाण झरीच्या खाली उतरली
तेव्हा झर खाणीत आली.
ते माझ्या टेबलाचं काम नव्हतं.
माझं काम टँकरपासून सुरू व्हायचं:
निळा रंग, पांढरी अक्षरं, 'आपल्या माणसांसाठी'.
अक्षरांचा खर्च वेगळा.

वर्षाच्या शेवटी अहवाल.
पुतळी वेळीप सकाळी दोन कळशा नेते, संध्याकाळी एक.
राईकर साहेब म्हणाले,
नाग्वेंकर, हे तीन लाभार्थी धर.
मी धरले.
फोटोत ती हसत नव्हती
म्हणून तिच्या धाकट्या जावेचा फोटो छापला.

मग चीनमध्ये कुठेतरी घरं बांधायची थांबली.
सावर्ड्याच्या धक्क्यावर बार्जी
एकमेकींना दोरखंडानं बांधून उभ्या,
पोटं रिकामी, वर बगळे.
टिपरांवर ताडपत्री, ताडपत्रीवर शेवाळ.
कायदा म्हणतो, नफ्याचे दोन टक्के.
शून्याचे दोन टक्के
मी तीनदा काढून पाहिले.

पत्र मीच टाईप केलं:
सद्य परिस्थितीत, पुढील सूचनेपर्यंत, खेदपूर्वक.
पंच म्हणाला, वाचून दाखव.
दाखवलं.
पुतळी म्हणाली, म्हणजे मंदीत
तहान पण कमी लागते म्हणायची?
कुणी हसलं नाही.
चहा घेऊन जा, असंही त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.
चहाला पाणी लागतं.

पंप बंद पडले तशी खाण भरत गेली.
दोन पावसाळ्यांत काठोकाठ,
हिरवट निळी, कुंपणाच्या आत.
पोरं जाळीला नाक लावून
आपली झर बघायची.

साहेबांनीही बघितली.
बाणावलीच्या हॉटेलांना पाणी हवं होतं,
पोहायच्या तलावांना, हिरवळींना.
मंदी तिथवर पोचली नव्हती.
टँकर तोच. वरून पिवळा रंग मारला,
तरी कलत्या उन्हात एका बाजूनं बघितलं
तर खालची पांढरी अक्षरं अजून लागतात.
ड्रायव्हर तोच, मिंगेल बार्रेटो, पगार निम्मा.
माझं टेबल आता खिडकीजवळ.
पाणी विभाग.

रोज सकाळी मिंगेल भरून निघतो
आणि पाजीरमळच्या वळणावर, फणसाखाली,
इंजिन गरम होतं.
रोज. तिथंच.
तो बॉनेट उघडतो, बिडी पेटवतो,
मागं बघत नाही.
मागं कळश्यांचा आवाज.
बाणावलीला पोचेपर्यंत सहाशे लिटर कमी.

पहिल्या दिवशी त्यानं पावती टेबलावर ठेवली
आणि पंख्याकडे बघत उभा राहिला.
मी रकाना शोधला.
सेवा, देणगी, बांधिलकी,
हे सगळे लाल रेघेनं बंद.
खाली एक उघडा होता.
लिहिलं: गळती, सहाशे लिटर.

महिन्यानं साहेबांनी विचारलं,
ही दुरुस्त का होत नाही?
म्हटलं, जुना टँकर आहे, सर.
वॉशर मिळत नाही.
मंदी आहे.
ते माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले,
मग सही केली.

यंदा अहवाल नाही. फोटो नाही.
पुतळी एक की तीन, मला मोजावं लागत नाही.

काल मिंगेलनं एक फणस आणून ठेवला.
पिकलेला, रसाळ, एका कुशीवर थोडा फुटलेला.
कुणासाठी रे?
म्हणाला, तिनं सांगितलंय, वॉशरसाठी.

आवक-जावकच्या वहीत फणसाला जागा नव्हती.
तसाच राहू दिला.
दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसात वास.
साहेब केबिनच्या दारापर्यंत आले,
नाक वर केलं,
काही न विचारता आत गेले.